सहा महिन्यांची डॉक्टरभेट हुकली म्हणून साखरेचा सेन्सर अडवून ठेवावा का?

न्यू जर्सीची लेक :
माझे वडील ७३ वर्षांचे असून आमच्याजवळ न्यू जर्सीत राहतात. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, दरमहा हप्ता भरून त्यांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्यविमा, घेता आला. ते दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतात आणि दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावतात. हा सेन्सर पुढे चालू ठेवायचा तर मेडिकेअरच्या नियमानुसार दर सहा महिन्यांनी डॉक्टरांशी प्रत्यक्ष किंवा मान्य दूरस्थ भेट व्हावी लागते आणि रुग्ण सेन्सर नीट वापरतो आहे, ठरलेले उपचार पाळतो आहे, अशी नोंद त्यांच्या कागदपत्रांत असावी लागते.

यंदा दवाखान्यानेच आमची भेट तीन आठवडे पुढे ढकलली आणि तेवढ्यात सहा महिन्यांची मुदत उलटली, म्हणून पुरवठादाराने पार्सल रोखले. घरात जास्तीचा सेन्सर का नव्हता, असे कोणी विचारील. आधीचा साठा संपायच्या दहा दिवसांहून आधी नवा माल पोहोचवण्याची पुरवठादाराला मुभाच नाही, त्यामुळे शिल्लक पडणार कोठून? शिवाय सेन्सर चालू असताना, बोट टोचून साखर मोजायच्या स्ट्रिप्सचे मेडिकेअर वेगळे पैसे देत नाही. आम्ही खिशातून स्ट्रिप्स आणल्या आणि अकरा रात्री मी दोनचा गजर लावून बाबांचे बोट टोचत होते. त्यांतल्या एका रात्री साखर ५८ पर्यंत खाली आलेली निघाली. सेन्सर असता तर तो त्याआधीच वाजला असता.

भेट नको, असे माझे म्हणणे नाही. भेट हुकली की सामान बंद, ही सांगड मला मान्य नाही.

पांढरा कोट :
बाईंच्या अकरा रात्रींबद्दल वाईट वाटते, तरीही मी नियमाच्या बाजूने बोलणार आहे. मी मधुमेहाच्या रुग्णांत काम करते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची मूत्रपिंडे, तळपाय आणि डोळ्यांचा पडदा ठरावीक अंतराने पाहावेच लागतात. मूत्रपिंडे मंदावली की तेच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि काल योग्य असलेला डोस आज साखर पाडू शकतो. हे सेन्सरच्या आलेखावरून पुरते कळत नाही. सामान घरपोच येत राहिले की दोन-दोन वर्षे दवाखान्याकडे न फिरकणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांत आपली मराठी मंडळीही आहेत, ज्यांना 'बरं चाललंय की' एवढे कारण पुरते.

दुसरे कारण पैशाचे आहे. २०१९ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने कमरेला आणि गुडघ्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांचा १२० कोटी डॉलरांहून मोठा घोटाळा उघड केला. रुग्णाला न पाहता किंवा फोनवर जेमतेम दोन शब्द बोलून डॉक्टर या पट्ट्यांच्या चिठ्ठ्यांवर सह्या करत होते. भेटीची अट काढली तर हीच मंडळी उद्या सेन्सर विकतील.

ओहायोचा टाइप वन :
पट्ट्यांचे उदाहरण येथे गैरलागू आहे, असे माझे मत आहे. पट्टी एक महिना उशिरा आली तर कंबर दुखेल, पण टाइप वन मधुमेहात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, अशा माणसाचे इन्सुलिन थांबले तर काही दिवसांतच रक्त आम्लधर्मी होऊन तो दगावू शकतो. आमच्या ओहायोत केव्हिन हाउडशेल नावाचा ३६ वर्षांचा तरुण नेमका असाच गेला. प्रिस्क्रिप्शनची मुदत संपलेली, नववर्षाच्या सुट्टीमुळे डॉक्टर भेटेनात आणि औषधविक्रेत्याला कायद्याने हात बांधलेले. जानेवारी २०१४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, आणि २०१५ मध्ये ओहायोने असा कायदा केला की आधीच्या प्रिस्क्रिप्शनची नोंद असेल तर औषधविक्रेता अडीअडचणीला डॉक्टरांच्या सहीवाचून औषध देऊ शकतो. पुढे इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.

पण ती सोय औषधाच्या दुकानापुरती आहे. विमा त्याचे पैसे देईल की नाही, हा प्रश्न निराळा. बाईंच्या वडिलांचा सेन्सर तर वैद्यकीय उपकरणांच्या पुरवठादाराकडून येतो, तेथे असा मधला दरवाजाच नाही.

पांढरा कोट :
इन्सुलिन अडवू नये, याबाबत आपले एकमत आहे. सेन्सरला मात्र बोट टोचण्याचा पर्याय आहे. गैरसोयीचा आहे, तरी आहे.

न्यू जर्सीची लेक :
गैरसोय हा शब्द रात्री दोन वाजता फार तोकडा पडतो, ताई. आणि नियम बदलता येत नाहीत असेही नाही. सेन्सर मिळण्यासाठी दिवसातून चारदा बोट टोचण्याची जी अट होती, ती मेडिकेअरने जुलै २०२१ मध्ये काढली. एप्रिल २०२३ पासून तर दिवसातून एकदाच इन्सुलिन घेणाऱ्यालाही सेन्सर मिळू लागला. माझी मागणी याहून बरीच लहान आहे. मुदतीच्या आत घेतलेल्या भेटीची तारीख दवाखान्याने स्वतः पुढे ढकलली असेल, तर नव्या तारखेपर्यंत नेहमीचा पुरवठा चालू ठेवावा. रुग्ण त्या तारखेलाही गेला नाही, तर खुशाल थांबवावा.

पांढरा कोट :
नव्या तारखेचा कागद दवाखान्याने पुरवठादाराला पाठवला असेल, तर एवढी सवलत मला चालेल. सहा महिन्यांचे अंतर मात्र वर्षावर नेऊ नये, आणि रुग्णाने स्वतः भेट टाळली असेल तर त्याला ही सवलत नसावी.

ओहायोचा टाइप वन :
नियम बदलेपर्यंत मी काय करतो ते सांगतो. एक भेट संपवून बाहेर पडतानाच पाचव्या महिन्यातली पुढची तारीख घेतो, म्हणजे दवाखान्याने ती तीन-चार आठवडे ढकलली तरी मुदत उलटत नाही. भेटीत डॉक्टरांनी सेन्सरच्या वापराबद्दल एक वाक्य लिहिले आहे ना, ते निघण्यापूर्वी विचारतो, कारण भेट झाली पण नोंदीत सेन्सरचा उल्लेखच नाही, म्हणून माझ्या ओळखीच्या दोघांची पार्सले अडली होती. बाईंनी वडिलांची पुढची तारीख घेतली आहे का?

न्यू जर्सीची लेक :
आज सकाळीच घेतली. पाचव्या महिन्यातलीच मिळाली, आणि स्ट्रिप्सची एक डबी मी स्वतःच्या पैशांनी कपाटात ठेवली आहे.