थंडीत फिशटँकला हीटर लावता का? आपापले अनुभव लिहा

दिवाळी सरली की दरवर्षी हाच वाद सुरू होतो. दुकानदार म्हणतो हीटर हवाच, शेजारचे काका म्हणतात नदीतल्या माशाला कुठे हीटर असतो? पण काका, नदी कुठली? निऑन टेट्राची नदी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. आणि आपल्या दुकानांत येणारे बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातल्या टाक्यांत वाढलेले असतात, त्यांनी गारठा बघितलेलाच नसतो. माझा टँक पुण्यात, १२० लिटरचा, एंजल आणि टेट्रा. जानेवारीत पहाटे पाणी १९ अंशांवर येतं, म्हणून हीटर २५ वर लावून ठेवतो.

लिहिताना गाव, टँक किती लिटरचा, मासे कोणते आणि पहाटेचं तापमान एवढं द्या. खोलीचं नको, पाण्याचं. नुसतं "आमच्याकडे काही होत नाही" चालणार नाही.

गोरेगाव, मुंबई
हीटर कधीच घेतला नाही. ८० लिटर, गप्पी आणि मॉली. डिसेंबरातही पाणी २३-२४ च्या खाली जात नाही, बंद फ्लॅटमध्ये जाणार तरी कसं! मात्र माझ्या भावाकडे भर मे महिन्यात हीटर चालतो. टँक बेडरूममध्ये, रात्रभर एसी २० वर, सकाळी एसी बंद की दुपारी खोली ३३. रोजचा हा चढउतार माशांना जानेवारीपेक्षा वाईट. टँक हॉलमध्ये हलव म्हणून सांगून थकलो.

निफाड, जि. नाशिक
आमच्याकडच्या थंडीची बातमी दरवर्षी पेपरात येते, त्यामुळे सविस्तर लिहिते. पत्र्याचं घर, ६० लिटरचा टँक, त्यात एंजल, प्लॅटी आणि काही कोरीडोरास. कडाक्याच्या दिवसांत पहाटे पाणी १५ वर यायचं. आधी मासे खायचे बंद झाले. टाकलेलं खाणं तळाशी तसंच पडून राहायचं आणि पाणी गढूळ व्हायचं, कारण थंडीत फिल्टरमधले, पाणी साफ ठेवणारे जिवाणूही मंदावतात. मग एंजलच्या परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. मासा दगडाला अंग घासून झटकन वळायचा. व्हाइट स्पॉट, जंतूमुळे होणारा रोग.

दुकानदाराने औषधाची बाटली दिली, पण उपयोगाचं बोलली ती धाकटी नणंद, ती मत्स्यशास्त्र शिकते. ती म्हणाली, वहिनी, ठिपका अंगावर असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो जंतू माशावरून सुटतो, तळाशी चिकटून फुटतो आणि त्याची पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या पोहत्या अवस्थेत. गारठ्यात हे चक्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, २८-३० अंशांना काही दिवसांत उरकतं. म्हणून हीटर आणला आणि पाणी दिवसाला दोनेक अंशांनी चढवत ३० वर नेलं. एअरपंप पूर्ण जोरात ठेवला, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसातच. ठिपके गेल्यावरही औषध लगेच थांबवलं नाही. कोरीडोरासना मीठ सोसत नाही म्हणून जाडं मीठ घातलंच नाही.

नागपूर
गोल्डफिश. १८ अंशांत मजेत. हीटरचं सोडा, मे महिन्यात टँक थंड कसा ठेवायचा त्याचा धागा काढा.

कोल्हापूर
मी तो "शेजारचा काका"च समजा. अंगणात सिमेंटची टाकी, हजारभर लिटरची, त्यात गप्पी. कधी हीटर नाही, झाकण नाही. थंडीत पिल्लं पडायची थांबतात, मासे खाली बसतात, खाणं मी निम्म्यावर आणतो. माघ सरला की पुन्हा चालू. तुम्ही लोकांनी उगाच बाऊ केलाय.

पुणे, कोथरूड (कोल्हापूरच्या काकांना)
काका, तुमच्या टाकीचं गणित हजार लिटरचं आहे. एवढं पाणी रात्रभरात अंशभरही हलत नसेल. शिवाय तुमच्या गप्पींच्या कित्येक पिढ्या तिथेच जन्मल्या, जे तगले त्यांचीच ही पोरं. आमच्या सोसायटीत लोक फायटरला तीन लिटरच्या बाउलमध्ये खिडकीत ठेवतात. दुपारच्या उन्हात २८, पहाटे १७. मासा परं मिटून तळाशी आडवा पडतो आणि घरचे म्हणतात आळशी आहे. बाउलऐवजी २० लिटरचा टँक आणि २५ वॅटचा हीटर घ्या, तोच मासा ओळखू येणार नाही.

बिलाची भीती घालणाऱ्यांसाठी: लिटरला साधारण एक वॅट धरतात. १०० वॅटचा हीटर सतत तापत नाही, थर्मोस्टॅट चालू-बंद करतो. दिवसाकाठी आठ तास धरले तरी ०.८ युनिट.

संभाजीनगर
हीटर हवा, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. माझ्या डिस्कसच्या टँकमध्ये थर्मोस्टॅट चालू अवस्थेतच चिकटला. सकाळी काचेला हात लावला तर कोमट, थर्मामीटरवर ३५. डिस्कस मुळात २८-३० चे, म्हणून तगले. बाकीचे तोंड वर काढून धापा टाकत होते. त्यानंतर ३०० वॅटचा एक काढून १५० चे दोन लावले. एक चिकटला तरी एकटा टँक उकळू शकत नाही, आणि एक बंद पडला तरी रात्र निभावते. पाणी बदलताना आधी प्लग काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. तापलेली नळी उघडी पडून पुन्हा पाणी लागलं की तडकते.

टोरांटो
इथे घर बारा महिने २०-२१ वर, म्हणजे ट्रॉपिकल माशांना हीटर कायमचाच. खरा धोका नळाचा. हिवाळ्यात थंड नळाचं पाणी ५ अंशांच्या आसपास, त्यामुळे गरम मिसळून, थर्मामीटर लावूनच ओतते. २०१३ च्या डिसेंबरात आइस स्टॉर्ममुळे शहरातली वीज कित्येक घरांत दिवसचे दिवस नव्हती. सासूबाईंनी पाठवलेल्या दोन गोधड्या टँकभोवती गुंडाळल्या, गॅसवर पाणी तापवून बाटल्यांत भरून टँकमध्ये तरंगत ठेवल्या आणि बॅटरीवरचा एअरपंप लावला. खाणं पूर्ण बंद. लोडशेडिंगवाल्यांनी निदान मागच्या काचेला थर्माकोल लावून ठेवावा.

सातारा
हीटर नको असेल तर मासेच तसे निवडा, हे कुणी लिहिलंच नाही. झेब्रा डॅनियो आपल्याकडच्या ओढ्यांतलाच, १८ ला आरामात. रोझी बार्बही तसाच. व्हाइट क्लाउड चीनच्या डोंगरातला, त्याला उलट २५ च्या वर नकोसं होतं. मोठा टँक आणि वाहतं पाणी देऊ शकत असाल तर मिस केरळ. पश्चिम घाटाच्या नद्यांतला मासा, २०१३ साली त्याच्या गटाला शास्त्रीय नावही सह्याद्रिया असं दिलं. फक्त गोल्डफिश आणि एंजल एका टँकमध्ये ठेवून "किती वर लावू" विचारू नका. दोघांना मानवेल असा आकडा नाही.

डोंबिवली
उशिरा आले. हीटर फिल्टरच्या धारेजवळ लावावा की कोपऱ्यात? आणि होळीनंतर काढून ठेवायचा का?

पुणे (धागाकर्ता)
धारेजवळ, म्हणजे गरम पाणी फिरतं. थर्मामीटर समोरच्या टोकाला. काढायची गरज नाही ताई, पाणी २५ च्या वर असेल तर तो आपणहून बंद राहतो. मार्चमधल्या एखाद्या अवकाळी पावसाच्या रात्री उपयोगीच पडेल.