ऑफिससाठी प्रिंटर कोणता घ्यावा, आणि मुलीचा प्रोग्रॅमिंगचा प्रश्न

रावपुरा_बडोदे:
मंडळी, आमचं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, महिन्याला दीडेक हजार पानं, जवळपास सगळी काळी, आणि आत्ताचा इंकजेट दिवाळीच्या सुट्टीनंतर चालू केला की पानभर पांढऱ्या रेघा, हेड क्लीनिंग करून करून शाईच संपते. काय घेऊ? शिवाय मुलगी बीसीएला आहे, प्रोसिजरल आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेडमधला फरक विचारते, मला नीट सांगता येत नाही.

दांडियाबाजार:
दादा, डोळे झाकून मोनो लेझर घ्या, म्हणजे फक्त काळं छापणारा, आणि ड्युप्लेक्सवाला, म्हणजे पानाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणारा. टोनर म्हणजे पावडर, महिनाभर पडून राहिली तरी सुकत नाही. फक्त टोनरच्या खोक्यावरच्या पानांच्या आकड्यावर जाऊ नका, तो पानाचा साधारण 5 टक्के भागच छापला असं धरून असतो, तुमची कोष्टकं भरगच्च, कमीच निघतील.

मांडवीकर:
आमच्या ट्रान्सपोर्टला मात्र डॉट मॅट्रिक्सच लागतो, पिन आपटल्याशिवाय बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, खालच्या कॉपीवर उमटतच नाही.
मुलीला सांगा, प्रोसिजरल म्हणजे पायऱ्या, फाइल उघड, पानं मोज, छाप. ऑब्जेक्ट ओरिएंटेडमध्ये आधी 'प्रिंटर' असा क्लास, म्हणजे साचा, करायचा, कागद किती शिल्लक ही माहिती आणि छापायचं काम दोन्ही त्यातच, मग ऑफिसात तीन प्रिंटर असले तरी क्लास एकच, ऑब्जेक्ट तीन. सी ही भाषा पहिल्या पद्धतीची, पायथन भाषेत दोन्ही जमतं. सुरुवात पायऱ्यांनीच करू दे, माझा भाचा थेट क्लासपासून शिकायला गेला आणि फार गोंधळला.

रावपुरा_बडोदे:
खूप आभार! तिला वाचून दाखवलं, वहीत तीन चौकोन काढून बसलीय. लेझरच बघतो.