जुना पेट्रोल ट्रॅक्टर : लोडवर मिसिंग, अर्धा चोक ओढला की सुधारते

निपाणीकर शेतकरी
नमस्कार. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा फर्ग्युसन टीईए-20 आहे. शेतीची खरी कामे आता डिझेल ट्रॅक्टरवर होतात; हा केवळ वैरण आणण्यापुरता उरला आहे. थंड असताना लगेच सुरू होतो आणि आयडलिंगलाही स्थिर चालतो, परंतु इंजिन तापल्यावर भरलेली ट्रॉली घेऊन तवंदीच्या चढाला लागलो की मिसिंग (सिलिंडर मधेच न पेटणे) सुरू होते, कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो आणि ताकद जाते. चोक अर्धा ओढला की काही वेळ बरे चालते. प्लग नवे घातले, फरक पडला नाही. मिस्त्री कार्बोरेटरच बदला म्हणतात. त्याआधी काय तपासावे?

खानापूरचा फिटर
कार्बोरेटर बदलण्याची घाई करू नका. चोक आत जाणारी हवा कमी करतो; तो ओढल्यावर सुधारते, याचा अर्थ हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे, आणि कार्बोरेटरमधली फटफटही बहुधा त्याचीच खूण आहे. इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असती, तर आयडलिंगला त्रास अधिक झाला असता, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद असताना आतली ओढ सर्वांत जास्त असते. आपला त्रास नेमका उलट, लोडवर आहे.

म्हणून टाकीपासून सुरुवात करावी. या ट्रॅक्टरला पेट्रोलचा पंप नाही. पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली उतरते, त्यामुळे वाटेतला थोडासा गाळही त्याला अडवायला पुरतो. इंजिन पूर्ण थंड असताना, विडी-काडीपासून दूर, कार्बोरेटरकडची नळी सोडून पेट्रोल बाटलीत काही मिनिटे वाहू द्यावे. धार आधी चांगली आणि मग बारीक होत गेली, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकण उघडताच धार वाढली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. न वाढल्यास कॉकची जाळी आणि गाळाची काचेची वाटी धुवावी.

हुक्केरी, जुनी यंत्रे
वरील तर्क बरोबर असला तरी एक शंका नोंदवतो. ठिणगी दुबळी असेल तरीही चोकने सुधारणा दिसते, कारण पेट्रोल जास्त असलेले मिश्रण कमजोर ठिणगीवरही पेट घेते. ठिणगी तयार करणारे कंडेन्सर आणि कॉइल तापल्यावरच दगा देतात, हा तर नेहमीचा अनुभव. त्यामुळे इंजिन गरम असतानाच ठिणगी पाहावी. ती निळसर आणि जोरदार हवी, पिवळी व बारीक नको. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडून त्यांवर खड्डे दिसत असतील, तर कंडेन्सर बदलावा आणि फीलर गेजने पॉइंटचे अंतर 0.010 ते 0.012 इंच ठेवावे. प्लगच्या वायरी काढल्या असतील, तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 आहे, हेही पडताळावे. नवे प्लग घातले एवढ्यावर विजेची बाजू निर्दोष ठरत नाही.

घटप्रभा काठ
पेट्रोलचाही विचार करावा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. आपल्याच भागातल्या उसाचे इथेनॉल आपल्याच कार्बोरेटरला छळते, अशी ही गंमत आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमध्ये मापात पेट्रोल सोडणारे बारीक भोक) मिश्रण आणखी दुबळे होते. शिवाय ते हवेतले पाणी ओढते, आणि महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या टाकीत ते पाणी वेगळे होऊन तळाशी साचते. टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे आणि रबरी नळी फुगली असल्यास बदलावी.

निपाणीकर शेतकरी
सर्वांचे आभार. गरम इंजिनावरही ठिणगी निळी आणि जोरदार आहे. धार मात्र हळूहळू बारीक होत गेली आणि झाकण उघडताच वाढली. छिद्रात माती घट्ट बसली होती, जाळीवरही गंजाचा थर होता. दोन्ही साफ केले, टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरले. आता सपाट रस्त्यावर उत्तम चालतो. चढावर शेवटच्या टप्प्यात अजून किंचित अडखळतो. मुख्य जेट बारीक तारेने साफ करू का?

खानापूरचा फिटर
तार अजिबात घालू नका. पितळी जेटचे भोक जरासे मोठे झाले तरी त्याचे माप कायमचे बिघडते. फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीची) वाटी उघडावी, जेट काढून कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवावा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावा. त्याच वेळी फ्लोट हलवून पाहावा. आत पेट्रोल शिरले असेल तर त्याचा आवाज येतो. वाटीत पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो ना, तेही बघावे. इतके करूनही चढावर अडखळला, तरच एक नंबर मोठा जेट घालण्याचा विचार करावा.