पुस्तकात मन लागेना, आणि दोष फक्त माझा आहे असं वाटत नाही

बेळगावचा वाचक:
बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. लहानपणी वडिलांचं बोट धरून तिथं जायचो. दहावीच्या सुट्टीत घरी एका बैठकीत दीडशे पानं व्हायची. गेल्या रविवारी त्याच वाचनालयात बसलो आणि एकच पान तीनदा वाचलं. फोन खिशात, आवाज बंद. कुणाचाच निरोप आलेला नव्हता, तरी हात आपोआप खिशाकडे जात होता.

ग्लोरिया मार्क या संशोधिकेनं २००४ च्या सुमारास मोजलं, तेव्हा माणूस संगणकाच्या एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या मोजणीत ते ४७ सेकंदांवर आलंय. विचार लोणच्यासारखा मुरावा लागतो आणि आपण सारखं बरणीचं झाकण उघडतोय. खोलात जायची सवयच आपण घालवून बसलोय, असं माझं ठाम मत आहे.

खानापूरची लेक:
तुमची दीडशे पानं चालू असताना चहा कोण आणून देत होतं, अण्णा?

माझ्या आईला चूल, म्हैस, भाताची मळणी यातून सलग अर्धा तास कधी मिळालाच नाही. तेव्हा कुठं होता मोबाईल? मी मराठी शाळेत शिकले, कन्नड एक विषय म्हणून होती तेवढीच. आता स्पर्धा परीक्षेसाठी ती फोनवर शिकतेय, पोरं झोपल्यावर, उशीत तोंड खुपसून, आवाज बारीक करून. ज्या वस्तूनं मला पहिल्यांदा अभ्यास दिला तिला तुम्ही नावं ठेवताय.

वडगावचा मागवाला:
मी यंत्रमाग चालवतो. ताण्यातला एक धागा तुटला आणि नजर तिथं नसली की साडीत उभी रेघ पडत जाते. पूर्वी खडखडाटातसुद्धा आवाज बदललेला कानाला कळायचा. आषाढात एकदा मी रील बघत होतो. वर बघितलं तर हातभर रेघ पडलेली. उसवून परत विणायला दुपार गेली आणि मजुरी साडीमागं असते, दुपारीमागं नाही. त्या दिवसापासून फोन पत्र्याच्या डब्यात. वाचकांचं म्हणणं मला पटतं.

निपाणीचा मास्तर:
मला नाही पटत. पडदा पटापट बदलतो म्हणजे एकाग्र व्हायची ताकदच गेली, असं ४७ सेकंदांवरून ठरत नाही. माझ्या वर्गातली जी पोरं धडा पाच मिनिटं ऐकत नाहीत, तीच गणपतीच्या आधी महिनाभर रोज तीन तास झांजपथकाचा सराव करतात. एक ठोका चुकला की परत पहिल्यापासून. लक्ष आहे की! आपण त्यांना लक्ष द्यावं असं काही देतोय का, ते बघा. धडा रटाळ असेल तर फोन नसतानाही पोरं खिडकीबाहेरच बघायची.

बेळगावचा वाचक:
अक्का, चहा आई आणून द्यायची. हे आजवर माझ्या मनातही आलं नव्हतं. तुमचं म्हणणं मान्य.

मास्तर, झांजपथकात तीस जण एका तालात बांधलेले असतात, म्हणून टिकतं. एकट्यानं बसायचं काय? कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, जन्म १९२४. क्षयरोगानं देवासला काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्यापडल्या ते माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले आणि पुढं त्या धुनांतून नवे राग उभे केले. ती रिकामी, लांबलचक दुपार आज आजारी माणसालाही मिळत नाही.

निपाणीचा मास्तर:
क्षयानं अंथरुणाला खिळलेले हजारो होते, कुमार एकच झाले. आणि माझा एक विद्यार्थी, आईवडील तंबाखूच्या वखारीत कामाला, त्याच कुमारांचं गाणं फोनवर ऐकून गुणगुणतो. त्याच्या घरात दुसरं वाद्य नाही.

वडगावचा मागवाला:
ऐकू दे की. पण ऐकताना मधे दुसरं काही टपकायला नको. टेक्सास विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ साली फोन समोर, बॅगेत आणि दुसऱ्या खोलीत ठेवायला लावून चाचणी घेतली. दुसऱ्या खोलीत ठेवणारे पुढं होते. डब्यापेक्षा ते बरं.

निपाणीचा मास्तर:
नंतर इतरांनी तेच करून बघितलं तेव्हा दर वेळी तसं आलं नाही, तेही सांगा.

खानापूरची लेक:
आला असेल नाहीतर नसेल फरक. आमच्या घराला खोली एकच, आणि माझं पुस्तक त्या फोनमध्येच आहे. काल व्याकरणाचा धडा निम्म्यावर असताना वरून लग्नाच्या साड्यांची जाहिरात उतरली. पंधरा मिनिटं गेली माझी. पोरगं तोवर जागं झालं.