मदत हवी आहे: "त्यांना काय मिळालं?" याला काय उत्तर देऊ?

सांगलीत गावभागात राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. वर्गातला एकजण अडखळत बोलतो. हा घरी येऊन त्याची हुबेहूब नक्कल करतो. "प-प-पाणी" म्हणतो आणि आजी हसते (ते वेगळंच दुखणं). रागावून झालं, "तुला कुणी असं चिडवलं तर?" हेही विचारून झालं. बाईंच्या कानावर घातलंय.

शेवटी २०१९च्या महापुराचं सांगितलं. कृष्णेचं पाणी घरात शिरलं, अनोळखी पोरांनी आजीला उचलून होडीत बसवलं. तर म्हणे, "मग त्यांना काय मिळालं?" मी गप्पच.

बक्षिसाचं आमिष आणि देवबाप्पाची भीती, दोन्ही नकोत. या वयाच्या पोराला पटेल असं तुम्ही काय सांगितलं असतं?