मदत हवी आहे : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचाय, नट हलत नाही

कृष्णाकाठचा
अर्जंट आहे मंडळी. सेकंडहँड गिअरबॉक्स आणून पोत्यावर ठेवलाय आणि एका नटापायी दोन दिवस काम अडलंय. डब्ल्यूडी-४० चा अख्खा डबा संपवला, टॉमीला (नट फिरवायच्या दांड्याला) पाईप लावून लटकलो तर टॉमीच वाकली. सोमवारी गाडी पाहिजे.

मिरजकर
अहो कुठली गाडी, कुठला नट?

कृष्णाकाठचा
एक्सलचाच की, डावीकडच्या चाकाचा; तो निघाल्याशिवाय शाफ्ट नि गिअरबॉक्स उतरत नाही. मारुतीची ए-स्टार.

कुपवाड_एमआयडीसी
ए-स्टार ऑटोमॅटिकमध्ये होती?

कृष्णाकाठचा
२०१० ची आहे, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारी). आत्ताच्या एएमटीसारखी, म्हणजे मॅन्युअल बॉक्सचेच गिअर आपोआप बदलणारी, नव्हे. पण प्रश्न नटाचा आहे.

साधा_गिअर
ऑटोमॅटिकचा नाद सोडा भावा, मॅन्युअल बसवून टाका. आमच्या पाहुण्यांनी तेच केलं, आता निवांत आहेत.

कुपवाड_एमआयडीसी
तिसरा पेडल, क्लच, वायरिंग कोण करणार, पाहुणे? कृष्णाकाठचा, नट खोलताना चाक खाली होतं की जॅकवर?

कृष्णाकाठचा
जॅकवर. ब्रेक दाबायला पुतण्या बसवला होता पण चाक फिरायचंच.

माण_खटाव
गियर पी (पार्किंग) मध्ये टाका, चाक हलणार नाही.

कुपवाड_एमआयडीसी
असलं सांगू नका हो. पी मध्ये आत एक छोटी कडी अडकते, तिच्यावर एवढा जोर आला की तुटते. आणि दुसरं चाक उचललेलं असेल तर तसंही फिरतं.

माण_खटाव
गिअरबॉक्स भंगारातच जायचाय, तुटली तर तुटली 😄

कऱ्हाडी_लेथ
गॅस लावा, लाल करा, दोन मिनिटांत येतोय.

कुपवाड_एमआयडीसी
आणि बेअरिंगचं ग्रीस नि सील जळाल्यावर हब (चाकाचा मधला भाग) कोण देणार, तुम्ही?

कऱ्हाडी_लेथ
वीस वर्षं करतोय, एक सील जळालं नाही.

मिरजकर
भांडू नका. गाडी पुरातली आहे का?

कृष्णाकाठचा
आधीच्या मालकाकडं २०१९ ला पाण्यात होती, सीटच्या खालपर्यंत. त्याचा काय संबंध?

मिरजकर
२०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २००५ पेक्षा जास्त. आमच्या गल्लीत तर...

कुपवाड_एमआयडीसी
मिरजकर, पुराचा वेगळा धागा काढा. कृष्णाकाठचा, नटाची कॉलर उचकटलीय का?

कृष्णाकाठचा
कसली कॉलर?

कुपवाड_एमआयडीसी
हेच विचारायला पाहिजे होतं पहिल्यांदा. चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाला उभी खाच असते, नटाची पातळ कड तिच्यात ठोकून आत वळवलेली असते, तेच त्याचं लॉक. ती बाहेर काढल्याशिवाय पाईप काय, जेसीबी लावला तरी आटे खराब होतील. बारीक छिन्नी घ्या, कड खाचेतून सरळ करा, आटे न दुखावता. मग चाक जमिनीवर टेकवा, पुतण्याला ब्रेक दाबायला लावा, सहा कोनी गोटी (सॉकेट) आणि पाऊण इंची हँडल. बारा कोनी गोटी घेऊ नका, नट गोल होईल. परत बसवताना नवा नट, जुना वापरायचा नाही.

सिंथेटिक_प्रेमी
गिअर ऑइल कुठलं टाकणार?

कृष्णाकाठचा
निघाला!! मोबाईलची बॅटरी धरून बघितलं तर खाचेत पुराची माती वाळून दगड झालेली, कॉलर दिसतच नव्हती. स्क्रूड्रायव्हरनं उकरली तेव्हा कड दिसली, छिन्नीनं वर घेतली. कडाक असा आवाज झाला, पुतण्या घाबरून ब्रेक सोडून बाहेर आला. आता कन्व्हर्टरचे बोल्ट कुठनं दिसतात?

कुपवाड_एमआयडीसी
खालचं पत्र्याचं कव्हर काढा. क्रँक पुलीला (इंजिनच्या टोकाच्या चाकाला) पाना लावून इंजिन फिरवा, एकेक बोल्ट समोर येईल. दुसरा गिअरबॉक्स चढवताना कन्व्हर्टर त्याच्या तेलपंपात पूर्ण आत बसलाय का बघा, बाहेर राहिला नि बोल्ट आवळले तर पंप फुटतो. आणि शाफ्ट काढल्यावर गाडी चाकावर ढकलू नका, बेअरिंग जाईल.

माण_खटाव
गाडी विकायची असेल तर सांगा, दहिवडीला गिऱ्हाईक आहे.