फ्रोझन शोल्डर असताना जवळ कसं घ्यायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा उजवा खांदा आखडलाय. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण जाड आणि घट्ट होतं, म्हणून हात धड वर जात नाही की मागे वळत नाही. ४० ते ६० या वयात, त्यातही मधुमेह असेल तर, हे जास्त दिसतं आणि सुटायला १ ते ३ वर्षंही लागू शकतात. व्यायाम नेटाने चालू आहेत.

पण रात्र फार अवघड जाते. चुकून त्या कुशीवर वळलं की दंडातून कळ जाते आणि झोप उडते. अशा वेळी नवऱ्याने जवळ घेतलं की दुखणं थांबत नाही, पण जीव शांत होतो, श्वास संथ होतो. मला ते औषधाइतकंच गरजेचं आहे. आता मात्र तो हात लावायलाच घाबरतो. एकदा मिठीत मी कळवळले, तेव्हापासून लांबूनच विचारपूस. लेकीचंही तेच.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा ना, दुखऱ्या हाताखाली उशी घेऊन, चांगल्या बाजूने जवळ घेणं जमतं का? झोपताना कसं करता? आणि घरच्यांची भीती कशी घालवलीत?